फुकट दिलं, पण चावी कुणाकडे?

गेल्या रमजानात चाचांचा फोन आला. इफ्तारला पंधरा मिनिटं उरली होती, म्हणजे काम तातडीचं असणार. "बेटा, तुझं ते मशीन बंद पडलं. नवीन कॉम्प्युटर त्याला व्हायरस म्हणतोय."

चाचांचं 'मशीन' म्हणजे मी २०११ साली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना लिहिलेला एक छोटासा प्रोग्राम. चाचा आमच्या गावच्या वाचनालयाचं त्रैमासिक काढतात. कित्येक वर्षांचा मजकूर त्यांनी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलेला. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. माझा प्रोग्राम तो चिवडा युनिकोड मराठीत बदलून द्यायचा. चाचांच्या ओळखीतून तो आणखी पाच-सात जणांकडे गेला. एक झेरॉक्सवाले, लग्नपत्रिका छापणारे दोघं, हायस्कूलचे एक सर. मी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. प्रोग्रामच्या 'अबाउट' खिडकीत एक ओळ टाकली होती, "हे सॉफ्टवेअर फुकट आहे. दुआ में याद रखना." माझं लायसन्स म्हणजे एवढंच.

तरावीहनंतर मी मूळ कोड शोधायला बसलो. तो ज्या हार्ड डिस्कवर होता ती २०१४ मध्येच गेलेली. मेलमध्ये नाही, पेन ड्राइव्हवर नाही. उरली होती फक्त चालणारी फाइल, आणि तीही आता चालेना. चालणाऱ्या फाइलवरून मूळ कोड परत मिळवणं म्हणजे शिजलेल्या बिर्याणीवरून मसाल्याचं माप काढण्यासारखं आहे. अंदाज येतो, माप मिळत नाही. आणि मग एक जुनी गोष्ट आठवली. २०१३ मध्ये हायस्कूलच्या त्या सरांनी मला विचारलं होतं, "कोड देशील का? आमच्याकडे आणखी एक जुना फॉन्ट आहे, मी त्याचा तक्ता त्यात घालतो." मी म्हणालो, "बघतो सर." आजवर बघतोय. सरांना तेव्हा कोड दिला असता तर निदान त्यांच्याकडे तरी तो राहिला असता.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की मी स्वतःला उदार समजत होतो. फुकट दिलं, अजून काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर मला बांगलादेशातल्या एका मुलाच्या कामात सापडतं. मी कॉलेजात असताना त्याच्या सॉफ्टवेअरकडे बघूनच आपणही मराठीसाठी असं काही करावं असं वाटायला लागलं होतं. त्याचं नाव मेहदी हसन खान, सॉफ्टवेअरचं नाव 'अभ्र'.

अभ्र म्हणजे आपल्या अभ्रकातलाच शब्द. बंगाली लोक उच्चार थोडा वेगळा करतात, इंग्रजीत 'ॲव्रो' लिहितात. विंडोजवर बंगाली टाइप करण्याचा हा प्रोग्राम २६ मार्च २००३ रोजी, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यदिनी, बाहेर आला. इंग्रजी कीबोर्डवर उच्चाराप्रमाणे अक्षरं दाबायची, बंगाली उमटतं. ए-एम-आय दाबलं की 'आमि'. आज फोनवर आपण सगळेच अशी मराठी लिहितो, त्यामुळे यात काय विशेष असं वाटेल. २००३ मध्ये विशेष होतं. तेव्हा बंगालीतही मराठीसारखीच परिस्थिती होती. ज्याच्याकडे जो फॉन्ट त्याचंच लिहिलेलं त्याला वाचता यायचं. युनिकोडमध्ये बंगाली लिहायचं तर विंडोजवर सोपं आणि फुकट साधन नव्हतं.

मेहदीकडे कॉम्प्युटर सायन्सची पदवी नव्हती. त्याचं शिक्षण डॉक्टरकीचं, मयमनसिंग मेडिकल कॉलेजमधलं. प्रोग्रामिंग तो स्वतःच शिकला. पहिली आवृत्ती त्याने व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये लिहिली. मग लक्षात आलं की ती चालवायला लोकांना डॉट नेटचं वेगळं जाडजूड पॅकेज उतरवून घ्यावं लागतंय, आणि तेव्हाच्या इंटरनेटवर ते म्हणजे शिक्षाच. म्हणून त्याने सगळं जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये परत लिहिलं. त्यानंतर डेल्फीमध्ये. एकच वस्तू तीनदा बांधली, आणि त्यातली एक तर वापरणाऱ्याचं डाउनलोड हलकं व्हावं एवढ्यासाठीच. मी बारा वर्षं पगारी सॉफ्टवेअर लिहितोय. ग्राहकाचं डाउनलोड हलकं व्हावं म्हणून अख्खी गोष्ट पुन्हा लिहा असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि कुणी सांगितलं असतं तर मीच आधी कुरकुरलो असतो.

अभ्रच्या ओमिक्रॉनलॅबचं घोषवाक्य आहे 'भाषा होक उन्मुक्त', भाषा मोकळी होवो. हे घोषवाक्य बंगाली माणसाने लिहिलं की त्याच्या मागे २१ फेब्रुवारी १९५२ उभी असते. मार्च १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात येऊन सांगितलं की पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दू आणि फक्त उर्दू. चार वर्षांनी बंगालीसाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर ढाक्यात गोळीबार झाला. मारल्या गेलेल्यांची नावं सलाम, बरकत, रफीक, जब्बार. गोळी चालवणारं सरकारही मुसलमानांचंच होतं. मुसलमान म्हणजे उर्दू हे समीकरण मुसलमानांनीच रक्त देऊन नाकारलं, त्याला आता सत्तर वर्षं होऊन गेली. तरी आजही पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये मला कुणीतरी कौतुकाने सांगतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो." माझ्या आजीला मराठीशिवाय दुसरी कुठली भाषा धड येत नव्हती, हे मी आता सांगत बसत नाही. आणि 'बांगलादेशी' हा शब्द आपल्याकडे हल्ली कसा आणि कुणाला उद्देशून वापरला जातो तेही तुम्हाला माहीत आहे. मला त्या शब्दाबरोबर आधी हा डॉक्टरकी शिकणारा मुलगा आठवतो.

अभ्रच्या आधी बंगालीत 'बिजॉय' होतं. मुस्तफा जब्बार यांनी ते १६ डिसेंबर १९८८ ला, बांगलादेशच्या विजयदिनी, मॅकिंटॉशवर आणलं. बिजॉय म्हणजेच विजय. वर्तमानपत्रं, पुस्तकं, सरकारी कागद, सगळं वर्षानुवर्षं बिजॉयवर टाइप झालं. बिजॉय विकत मिळायचं, आणि मला यात काहीही गैर वाटत नाही. जो मेहनत करतो त्याने दाम मागावा. आपल्याकडे श्रीलिपीवाल्यांनी तेच केलं, उर्दूत दिल्लीच्या कंपनीने १९९४ मध्ये इनपेज आणलं तेही विकतच. उलट इनपेजची चोरीची कॉपी सर्रास वापरून आपण उर्दूची खिदमत करतोय असं समजणाऱ्यांना मी एकदा तरी विचारू इच्छितो, की जुम्म्याच्या खुतब्यात ऐकलेले हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, त्या प्रोग्रामरला लागू होत नाहीत का?

२०१० मध्ये मुस्तफा जब्बार यांनी अभ्रवर चोरीचा आरोप केला. अभ्रमध्ये उच्चाराप्रमाणे टाइप करण्याच्या सोयीबरोबर इतरही काही मांडण्या होत्या. त्यात 'युनिबिजॉय' नावाची एक मांडणी बिजॉयशी मिळतीजुळती होती, कारण लाखो लोकांची बोटं बिजॉयला सरावलेली होती. कुठल्या बटणावर कुठलं अक्षर याची मालकी कुणाची असू शकते का, यावर तिकडे रान पेटलं. तक्रार कॉपीराइट ऑफिसपर्यंत गेली. जून २०१० मध्ये तडजोड झाली आणि अभ्रने युनिबिजॉय काढून टाकलं. माझं मत विचाराल तर बटणांची मांडणी ही भाषेइतकीच सगळ्यांची असायला हवी. पण जब्बारांचा राग मी समजू शकतो. बावीस वर्षं ज्यावर पोट चाललं, ते शेजारी कुणीतरी फुकट वाटतोय म्हटल्यावर माणूस चिडणारच.

या भांडणात एक गोष्ट मात्र मागे पडली, आणि माझ्या लेखाचा विषय तीच आहे. तोवर अभ्र 'फ्रीवेअर' होतं. फ्रीवेअर आणि खुला कोड यांत आपण फरक करत नाही, कारण दोन्हींची किंमत शून्य. हा शब्द अँड्र्यू फ्लूगलमन नावाच्या अमेरिकन माणसाने १९८२ मध्ये चालवला. त्याचा 'पीसी-टॉक' हा प्रोग्राम मित्रांना कॉपी करून द्यायची मुभा होती, आवडला तर २५ डॉलर पाठवा अशी विनंती होती. गंमत म्हणजे 'फ्रीवेअर' या शब्दाचा ट्रेडमार्क त्याने स्वतःच्या नावावर घेतला. मोफतचा शब्दसुद्धा मालकीचा! पण फ्रीवेअरचं स्वरूप यात बरोबर दिसतं. वस्तू तुम्हाला वापरायला दिली, मालकी माझीच. कोड माझ्याकडे. उद्या मी बंद केलं तर बंद. पैसे मागितले तर तुम्हाला द्यावे लागतील. मी मेलो तर माझ्याबरोबर गेलं.

म्हणजे ही दावत आहे. यजमान चांगला असेल तर पोटभर जेवाल, पण घर त्याचं आणि दार लावायचा हक्कही त्याचा.

अभ्रचं नाव झालं होतं, सरकारी मतदार ओळखपत्राच्या कामातही ते वापरलं गेलं होतं. मेहदीला पैसे लावता आले असते, किंवा कायम दावत चालू ठेवता आली असती. त्याने आणि त्याच्या मित्रांनी पुढे विंडोजच्या अभ्रचा कोड मोझिला पब्लिक लायसन्सखाली खुला केला. त्याच्या अटी साध्या भाषेत अशा: कोड कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, त्यावर धंदाही करावा. लेखकाच्या हक्काची नोंद पुसायची नाही. मूळ फाइलमध्ये बदल करून तो प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्या बदललेल्या फाइलचा कोडही याच अटींवर खुला ठेवायचा. तुमच्या स्वतःच्या वेगळ्या नव्या फाइली तुम्ही बंद ठेवू शकता. आणि काही बिघडलं तर लेखकाने हमी दिलेली नाही.

ही शेवटची अट वाचून चाचा हसले होते. "म्हणजे फुकटच्या औषधाला डॉक्टर जबाबदार नाही!" डॉक्टरकी शिकलेल्या माणसाच्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतोय हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

अटींच्या या पानाने काय होतं ते अभ्रच्या बाबतीत दिसतं. अभ्रची उच्चारपद्धत मॅकवर गेली, लिनक्सवर गेली, वेब पानांसाठी जावास्क्रिप्टमध्ये लिहिली गेली. ही कामं वेगवेगळ्या लोकांनी केली. मूळ माणूस दुसऱ्या नोकरीत, दुसऱ्या उद्योगात गुंतला तरी ती पद्धत थांबली नाही. याच्या उलट चित्र जानेवारी २०२३ चं आहे. बांगलादेशच्या दूरसंचार नियामक संस्थेने हुकूम काढला की देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये बिजॉय कीबोर्ड आधीपासून घातलेला हवा. तेव्हा मुस्तफा जब्बार टपाल आणि दूरसंचार खात्याचे मंत्री होते. हा कीबोर्डही ग्राहकाला फुकटच मिळणार होता! यावर तिकडे बरीच टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. दोन्ही वस्तू फुकट, दोन्ही एकाच भाषेच्या. एकाच्या मागे परवानगी आहे, दुसऱ्याच्या मागे फर्मान.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बांगलादेश सरकारने मेहदीला एकुशे पदक जाहीर केलं, भाषेसाठी मेलेल्यांच्या स्मरणार्थ दिलं जाणारं. एकट्याने घ्यायला तो तयार नव्हता. शेवटी ते चौघांना मिळून दिलं गेलं: मेहदी हसन खान, रिफात नबी, तनबिन इस्लाम सियाम आणि शबाब मुस्तफा. ज्याने कोडवरचा एकट्याचा हक्क सोडला होता तो पदकावरचा एकट्याचा हक्कही सोडतो, यात मला काही नवल वाटलं नाही.

आता परत माझ्या त्या एका ओळीकडे. "हे सॉफ्टवेअर फुकट आहे. दुआ में याद रखना." भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीच्या व्याख्येत येतो. तो लिहिला की कॉपीराइट आपोआप लागू होतो, नोंदणी लागत नाही. मुदत लेखकाचं आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षं. म्हणजे मी काहीच लिहून दिलं नाही, तर माझा कोड दुरुस्त करण्याचा कायदेशीर हक्क हायस्कूलच्या सरांना माझ्या मरणानंतर साठ वर्षांनी मिळेल. 'फुकट आहे' म्हटल्याने किंमत कळते. बदल करू का, दुसऱ्याला देऊ का, छापखान्यात धंद्यासाठी वापरू का, यातलं काहीच कळत नाही.

त्यात आपल्याकडे आणखी एक गंमत. कॉपीराइट ही मालमत्ता आहे, ती वारसांकडे जाते, आणि मृत्युपत्र नसेल तर मुसलमानाची मालमत्ता पर्सनल लॉप्रमाणे वाटली जाते. मी उद्या गेलो तर त्या चारशे ओळींच्या कोडचा आठवा हिस्सा बायकोचा, सहावा अम्मीचा, मग मुलीचा वाटा, उरलेल्यात भाऊ-बहिणी. श्रीलिपीचा 'ज्ञ' चुकतोय म्हणून कुणाला एक ओळ दुरुस्त करायची तर या सगळ्यांच्या सह्या लागणार. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माझा आठवा हिस्सा मी माफ केला, पण 'ज्ञ' आधी नीट कर."

मला नेहमी वाटतं की खुल्या लायसन्सची कल्पना समजायला आपल्याला सगळ्यात सोपी जायला हवी, कारण आपल्याकडे वक्फ आहे. वक्फ करणारा मालकी सोडतो आणि कागदावर लिहितो की ही विहीर, ही जमीन, हे दुकान अमक्या कामासाठी. मुतवल्ली सांभाळतो, पण मालक नसतो. वक्फ करणाऱ्याच्या पोरालाही ती विहीर परत मागता येत नाही. वक्फनामा म्हणजे लायसन्सच. तुलना पुरती जुळत नाही, ते मला माहीत आहे. खुल्या लायसन्समध्ये कॉपीराइट लेखकाकडेच राहतो, आणि पुढची आवृत्ती तो बंदही करू शकतो. पण एकदा त्या अटींवर दिलेली आवृत्ती मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. मोझिला लायसन्सची 'बदललेली फाइल खुली ठेवा' ही अट तर विहिरीचं पाणी काढा पण विहीर बुजवू नका, अशाच धाटणीची आहे.

आणि कागद नसलेल्या वक्फांचं काय होतं तेही आपल्याला नव्याने सांगायला नको. वापरावरून ठरलेल्या वक्फाबद्दल २०२५ च्या कायद्यावरून जे रण माजलं, त्यात एक साधी गोष्ट सगळ्यांना कळली. पिढ्यान्‌पिढ्या जनाजे गेलेलं कब्रस्तान असलं तरी समोरचा माणूस पहिल्यांदा कागद मागतो. त्या कायद्याबद्दल माझा राग वेगळा आहे, तो दुसऱ्या लेखात. पण आपले पूर्वज तोंडी देऊन गेले आणि आपण कागदं शोधत बसलो, हे बघूनही आपली पिढी तोंडीच देतेय, ते कसं?

आता तरुणांशी थेट बोलतो, कारण हे वाचणाऱ्यांत बरेच जण माझ्याच धंद्यातले किंवा त्या वाटेवरचे असतील. आपल्या मुलांनी केलेल्या कितीतरी चांगल्या गोष्टी मला ठाऊक आहेत. कुणी मराठी-उर्दू शब्दकोशाचं ॲप करतं, कुणी शिष्यवृत्तीच्या तारखा सांगणारा बॉट, कुणी मोहल्ल्यातल्या रक्तगटांची यादी. सगळं फुकट, सगळं नेकीने केलेलं, आणि त्या मुलाला बंगळुरूला नोकरी लागली की दोन वर्षांत सगळं बंद. रक्ताची यादी तर भलतीच. चालू असते तेव्हा तिच्यात लोकांचे फोन नंबर असतात, आणि बंद पडते तेव्हा ते नंबर कुणाच्या लॅपटॉपवर आहेत हे कुणालाच माहीत नसतं.

फुकटची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या 'मदरबोर्ड'ने बातमी दिली की मुस्लिम प्रो हे नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारं, कोट्यवधी लोकांनी उतरवून घेतलेलं ॲप वापरणाऱ्याचं ठिकाण एक्स-मोड नावाच्या कंपनीला पाठवतंय, आणि एक्स-मोड अशी माहिती संरक्षण कंत्राटदारांना विकते, त्यातून ती अमेरिकन लष्करापर्यंत जाते. ॲपवाल्यांनी लष्कराला माहिती विकल्याचं नाकारलं आणि माहिती घेणाऱ्या भागीदारांशी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. ते ॲप माझ्या अब्बांच्या फोनवर होतं. तेही फुकट होतं आणि त्यालाही अटी होत्या, फक्त त्या आम्ही वाचल्या नव्हत्या. ज्या अटी लपवण्यासाठी लिहिलेल्या असतात त्या लांबलचक असतात. जी देण्यासाठी लिहिलेली असतात त्यांपैकी काही तर एका पानात मावतात.

"पण कोड खुला केला तर कुणीतरी चोरेल आणि कमावेल," ही हरकत मला प्रत्येक वेळी ऐकायला मिळते. हो, कमावेल. मोझिला लायसन्स त्याला मनाई करत नाही. मला विचाराल तर कमावू दे. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी माझ्या प्रोग्रामवर कमावलंच होतं, आणि त्यामुळे वाडीवस्तीवरच्या पत्रिकेतलं 'शुभविवाह' नीट छापलं गेलं. ज्याला हे पटत नाही त्याने विकावं, उघडपणे किंमत लावून विकावं. तेही स्वच्छ आहे. मधलंच काहीतरी, फुकटही म्हणायचं आणि चावीही खिशात ठेवायची, त्यातून माझ्यासारखी फजिती होते.

फॉन्टच्या बाबतीत आपण त्या मानाने सुदैवी. मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, नस्तालीकसाठी गूगलचा नोटो नस्तालीक उर्दू त्याच लायसन्सखाली. फॉन्ट नुसताच सुटा विकायचा नाही, एवढी मुख्य बंदी. बाकी पुस्तक छापा, पोस्टर करा, त्यात अक्षरं वाढवा. मराठीत लिहिणाऱ्या आणि घरात उर्दू वाचणाऱ्या घरांना एकाच पानावर दोन्ही लिप्या कुणाची परवानगी न मागता छापता येतात. माझ्या लहानपणी चाचांना हे करायला दोन वेगळ्या दुकानांत जाऊन मग कात्रीने चिकटवाचिकटवी करावी लागायची.

प्रोग्राम मी परत लिहायला घेतला. या वेळी पायथनमध्ये, दोन रविवारांत बराचसा झाला, 'ज्ञ' सकट. अक्षरांचा तक्ता वेगळ्या साध्या फाइलमध्ये ठेवला, म्हणजे ज्याला प्रोग्रामिंग येत नाही त्यालाही नवा फॉन्ट घालता येईल. सोबत मोझिला पब्लिक लायसन्सची प्रत, आणि वर मराठीत सहा ओळी: कोण वापरू शकतो, काय बदलू शकतो, बदललं तर काय करायचं. इतका कागद करायला मला अर्धा तास लागला. चौदा वर्षांपूर्वीही अर्धाच तास लागला असता.

चाचांना दाखवलं. त्यांनी सहा ओळी चष्मा लावून वाचल्या आणि विचारलं, "म्हणजे आता हे तुझं नाही?"

"माझंही आहे, चाचा. नाव पुसायचं नाही असं लिहिलंय."

"आणि ते दुआवालं कुठं गेलं?"

ते मी काढलं होतं, कायद्याच्या कागदात कशाला म्हणून. त्यांनी परत घालायला लावलं, सातवी ओळ म्हणून. मग हायस्कूलच्या सरांचा नंबर शोधला. सर आता रिटायर झालेत, पण तो दुसरा फॉन्ट त्यांच्याकडे अजून आहे म्हणाले. तक्ता त्यांनी तेव्हाच वहीत लिहून ठेवला होता.